तिरुभुवनम्‌: रेशमाच्या गावातली सहा पिल्लं

तुम्ही तमिळनाडूची सहल आखता तेव्हा यादीत कुंभकोणम असतंच. दारासुरमचं देऊळ, महामहम् तलाव, पितळेच्या पेल्यातली डिग्री कॉफी, आणि वेळ उरला तर आठेक किलोमीटरवरच्या तिरुभुवनमला जाऊन एखादी रेशमी साडी. दोन तासांत गाव उरकून तुम्ही पुढच्या देवळाकडे निघता. त्यात चूक काही नाही, आम्हीही पहिल्यांदा तसंच केलं होतं.

पुढे नवऱ्याची बदली कुंभकोणमच्या बँकेत झाली आणि आम्ही तिरुभुवनममध्येच भाड्याचं घर घेतलं. आम्ही वर राहायचो. खाली घरमालकीण, जिला सगळी गल्ली ‘अक्का’ म्हणायची, आणि तिचा हातमाग. अडीच वर्षं राहिलो. त्या काळात साड्या दोनच घेतल्या. कोंबडीची पिल्लं मात्र दोनदा घेतली. पहिल्यांदा चुकीची आणि दुसऱ्यांदा नीट. या गावाची खरी ओळख मला त्या पिल्लांमुळेच झाली, म्हणून ती गोष्ट तुम्हाला सांगते. तुमच्या घरात पक्ष्यांसाठी हट्ट धरणारं लेकरू असेल, तर तिचा उपयोगही होईल.

आधी गाव बघून घ्या

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या कुठल्याही बसमध्ये बसा. गाव लागायच्या आधीच देवळाचं उंच विमान दिसायला लागतं. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळानं हे देऊळ बांधलं. त्याचा काळ ११७८ ते १२१८. तंजावर, गंगैकोंडचोळपुरम् आणि दारासुरम ही तीन मोठी चोळ देवळं युनेस्कोच्या यादीत आहेत. त्याच परंपरेतलं हे शेवटचं भव्य देऊळ, पण ते त्या यादीत नाही. त्यामुळे इथे गर्दी कमी असते आणि तुम्हाला प्रदक्षिणा शांतपणे घालता येते.

देवाचं नाव कंपहरेश्वर. कंप हरणारा, म्हणजे थरथर थांबवणारा. तमिळमध्येही त्याला ‘नडुक्कम् तीर्त्त नायकन्’ म्हणतात, अर्थ तोच. कथा अशी, की पांड्य राजा वरगुण रात्री घोड्यावरून जात होता. अंधारात त्याच्या घोड्याखाली एक ब्राह्मण सापडून मेला. राजानं मुद्दाम काही केलं नव्हतं, त्याला तो माणूस दिसलाही नव्हता. तरी ब्रह्महत्या त्याच्या मागे लागली आणि त्याच्या अंगाचा कंप थांबेना. शेजारच्या तिरुविडैमरुदूरला त्याचा दोष सुटला आणि इथे त्याची थरथर गेली. देवीचं नाव धर्मसंवर्धिनी.

याच देवळात शरभेश्वराची वेगळी मूर्ती आहे. हिरण्यकश्यपूला मारल्यावर नरसिंहाचा राग शांत होईना, तेव्हा शिवानं शरभाचं रूप घेतलं, असं शैव परंपरा सांगते. अर्धा सिंह, अर्धा पक्षी, पाठीला पंख. रविवारी राहुकाळात, म्हणजे दुपारी साडेचार ते सहा, इथे खास पूजा असते. एरवी शांत असलेल्या देवळात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. दुपारी देऊळ बंद असतं, एवढं लक्षात ठेवून या.

देवळाभोवतीच्या गल्ल्यांत मागांची खटखट ऐकू येते. हे विणकर बहुतेक सौराष्ट्र समाजाचे. शतकांपूर्वी गुजरातेकडून निघून दक्षिणेत स्थिरावलेले. घरात ते सौराष्ट्री बोलतात, आणि मराठी कानाला त्यात मधूनच ओळखीचं काहीतरी सापडतं. पहिल्या दिवशी अक्का घरातल्या कुणाला तरी ‘पाणी’ म्हणाली, तेव्हा मी चमकून मागे पाहिलं होतं. इथल्या रेशमी साडीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिची घडी पंख्यासारखी घालतात, त्यावरून जाणकार ती लांबूनच ओळखतात.

मराठी माणूस या भागात नवा नाही, हे तर तुम्हाला माहीत असेलच. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचं घराणं तंजावरला १८५५ पर्यंत होतं. त्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रंही काढून घेतली. राजाला पक्ष्यांचा नाद होता हे कळल्यावर आमच्या आठ वर्षांच्या लेकीला फारच बळ आलं.

आमची चूक

पहिली पिल्लं आम्ही दुकानातून घेतलीच नाहीत. नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी मोपेडला वेताची टोपली बांधून एक विक्रेता गल्लीत आला. टोपलीत गुलाबी, हिरवी, निळी, जांभळी पिल्लं. एक दहा रुपयांना. अशी रंगीत पिल्लं तुम्हीही आठवडी बाजारात किंवा जत्रेत पाहिली असतील. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून साठ रुपये काढले. आधी विचार करावा असं माझ्या मनातही आलं नाही. साठ रुपयांत आपण आइस्क्रीम घेतो, तेवढ्याच सहजपणे मी सहा जीव घेतले.

बुटांच्या खोक्यात जुना टॉवेल घातला, वाटीत पाणी आणि मूठभर तांदळाच्या कण्या ठेवल्या. खोकं गॅलरीत. मला वाटलं, तमिळनाडूत कसली थंडी? पण आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. इथे, कावेरीच्या खोऱ्यात, मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे इथले ओले, गार दिवस. आपल्याला रात्री पंखा लावावासा वाटतो, पण अंगावर नुसती लव असलेल्या एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश ऊब लागते. आमच्या गॅलरीत ती दहा अंशांनी तरी कमी असणार.

सकाळी दोन पिल्लं खोक्याच्या कोपऱ्यात बाकीच्यांच्या खाली चेंगरलेली सापडली. तिसरं पाण्याच्या वाटीत पडून भिजलं होतं. ते लेकीच्या ओंजळीत थरथरत थरथरत गेलं. चौथं दुसऱ्या दिवशी. उरलेली दोन अक्कानं खाली नेली, मागाच्या खोलीतला दिवा त्यांच्यावर सोडला आणि रात्रभर दोनदा उठून पाहिलं. त्यातलं एकच जगलं.

लेक रडली नाही, पण तिनं त्या एका पिल्लाला हात लावणं सोडलं. चार दिवसांनी रविवारी अक्का तिला शरभेश्वराच्या पूजेला घेऊन गेली. मीही मागे होते. अक्कानं तिला वरगुण राजाची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, ‘‘पण राजाला तो माणूस दिसला नव्हता ना? तरी त्याला दोष लागला?’’

‘‘लागला,’’ अक्का म्हणाली. पुढे काही समजावलं नाही. घरी येताना ती आम्हाला सरळ मोठ्या रस्त्यावरच्या खाद्याच्या दुकानात घेऊन गेली.

दुकानदारानं पिल्लं दिली नाहीत

असं दुकान तुम्ही महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पाहिलं असेल. आपण त्याला कृषी सेवा केंद्र म्हणतो. दारात पेंडीची आणि खताची पोती, वर टांगलेल्या ताडपत्र्या आणि दोरखंड, भिंतीला फवारणीचे पंप, काचेच्या कपाटात बियाण्यांची पाकिटं. एका कोपऱ्यात कोंबड्यांना पाणी पाजायचे लाल-पांढरे प्लास्टिकचे डबे आणि भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पेटी. पेटीचे आत चार कप्पे, प्रत्येकात पंचवीस पिल्लं, म्हणजे एका पेटीत शंभर.

दुकानदाराला सगळे ‘अण्णा’ म्हणत. अण्णा आणि अक्का, दोन्ही शब्द आपल्याला परके नाहीत, त्यामुळे हाक मारायला तरी मला अडचण नव्हती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘मुट्टैक्का? करिक्का?’’ अंड्यासाठी की मटणासाठी? मी अक्काकडे पाहिलं. अक्का म्हणाली, ‘‘मुलीसाठी.’’

अण्णांनी दुसरा प्रश्न विचारला: बल्ब कुठे लावणार? मग: वीज गेली तर? मग: दिवसभर घरी कोण असतं? मांजर आहे? मला एकाचंही उत्तर धड देता आलं नाही. तेव्हा ते म्हणाले, ‘‘आता पाऊस आहे. पोंगल होऊ दे. आधी जागा करा, मला दाखवा, मग पिल्लं न्या.’’ मी चक्क पैसे हातात घेऊन उभी होते आणि दुकानदार विकायला तयार नव्हता. मला थोडा राग आला. लेकीला मात्र तो माणूस लगेच आवडला.

फेब्रुवारीपर्यंत आम्ही शिकत राहिलो. ते सगळं इथे देते.

पिल्लं घेण्याआधी विचारायचे प्रश्न

पिल्लं कुठल्या दिवशी येतात, हे आधी विचारा. चांगल्या दुकानात ठरलेल्या वारी सकाळी पेटी येते आणि ऑर्डर आधी घेतलेली असते. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेतं, म्हणून दोन-अडीच दिवस ते खाण्यापाण्याशिवाय तग धरू शकतं. एवढ्या लांबून पेटीतून पिल्लं येऊ शकतात ती यामुळेच. पण ती शिदोरी संपत आलेली, तीन दिवस दुकानात पडून असलेली पिल्लं घेऊ नका.

जात विचारा. तमिळनाडूत गावठी कोंबडीला ‘नाट्टुकोळि’ म्हणतात. त्यात उंच, दणकट असील वळणाची ‘पेरुविडै’ आणि बुटकी ‘सिरुविडै’. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देते, पण खुडूक बसते, पिल्लं काढते आणि त्यांना सांभाळतेही. परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा अशा जाती जास्त अंडी देतात, पण खुडूक बसतीलच असं नाही. व्यापारी अंड्यांची संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. तिला खाद्यही तसंच मोजून-मापून लागतं.

नर-मादी वेगळी केलेली आहेत का, विचारा. बहुतेक ठिकाणी मिश्रच मिळतात. म्हणजे सहातली तीन कोंबडे निघू शकतात, आणि पहाटे चारला आरवणारा कोंबडा शेजाऱ्यांना चालेल का, हा प्रश्न आजच सोडवून ठेवा.

एकटं पिल्लू घेऊ नका. ते थव्यात राहणारं आहे, एकटं पडलं की चिवचिवून दमतं. चार ते सहा बरी.

पिल्लू हातात घेऊन बघा. डोळे टवटवीत हवेत, लव कोरडी हवी, बेंबी मिटलेली हवी, मागची बाजू स्वच्छ हवी. तळहातावर अलगद उताणं केलं तर धडपडून चटकन सरळ व्हायला हवं.

आणि अगदी पहिल्यांदाच पाळत असाल तर महिन्याभराची वाढवलेली पिल्लं मागा. महाग पडतात, पण त्यांना पिसं आलेली असतात आणि उबेचा अवघड काळ दुसऱ्या कुणीतरी पार पाडलेला असतो. हे मला कुणी नोव्हेंबरात सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिले तीन आठवडे

अक्कानं परसात जागा दिली, पण एका अटीवर: मागाच्या खोलीकडे पीस नाही, तूस नाही, धूळ नाही. ताणलेल्या रेशमी धाग्यावर काडी जरी पडली तरी ती विणीत दिसते. तिचा महिन्याचा पगार त्या ताण्यावर असतो. म्हणून जागा घराच्या मागच्या टोकाला, वाऱ्याच्या उलट दिशेला निघाली.

पुठ्ठ्याचं गोल कुंपण केलं. गोलच, कारण कोपरा असला की गारठलेली पिल्लं त्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. आमच्या बुटांच्या खोक्याला चार कोपरे होते. खाली भाताचं तूस, दोन इंच. हा भाताचा प्रदेश, इथे तुसाला ‘उमी’ म्हणतात आणि गिरणीवर पोतंभर सहज मिळतं. पहिले दोन-तीन दिवस त्यावर गोणपाट, म्हणजे पिल्लं तूस खात नाहीत आणि पायही घसरत नाहीत. नुसत्या गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात.

साठ वॉटचा साधा पिवळा बल्ब फूटभर उंचीवर. एलईडी चालत नाही, त्यात ऊब नसते. बल्ब पिल्लं यायच्या आधी तीन-चार तास लावून ठेवायचा. थर्मामीटर नसला तरी चालतं, पिल्लंच सांगतात: बल्बखाली गोळा झाली तर थंडी आहे, बल्ब खाली घ्या. कुंपणाला चिकटून, चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय, वर घ्या. सगळीकडे पसरून खाताहेत, झोपताहेत, तर ठीक आहे. दर आठवड्याला ऊब साधारण तीन अंशांनी कमी करत न्यायची. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून ठेवायच्या. आमच्याकडे दुसऱ्याच रात्री वीज गेली, आणि लेकीनं मला उठवलं, मी तिला नाही.

पाण्याचं भांडं उथळ आणि त्यात स्वच्छ खडे, म्हणजे पिल्लू चोच बुडवू शकतं, पण स्वतः बुडत नाही. आणल्याबरोबर प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात टेकवायची. एक शिकलं की बाकीची बघून शिकतात. पहिल्या पाण्यात किंचित गूळ. खाद्य मात्र पिल्लांचंच, दुकानातलं, बारीक भरड्यासारखं असतं ते. नुसत्या कण्यांवर पिल्लं वाढत नाहीत. आपल्या लहान मुलाला नुसता भात घालण्यासारखंच ते.

लस विसरू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग आला की सगळा कळप दोन दिवसांत आडवा होतो. तमिळमध्ये त्याला ‘वेळ्ळै कळिच्चल्’, पांढरी हगवण म्हणतात. पहिल्या आठवड्यात डोळ्यात एक थेंब, पुढे पुन्हा मात्रा. अडचण अशी, की लसीच्या एका कुपीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात, आणि एकदा मिसळली की ती दोनेक तासांत संपवावी लागते. सहा पिल्लांसाठी कुणी कुपी फोडत नाही. म्हणून अण्णांच्या दुकानात एक दिवस ठरायचा. आजूबाजूच्या बायका डालग्यांतून, पिशव्यांतून आपापली पिल्लं घेऊन यायच्या आणि ओळीनं थेंब घालून घ्यायच्या. मला तमिळ खरी तिथे आली. तुमच्या गावीही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, किंवा चार घरं मिळून दिवस ठरवा.

शेवटचं, मुलांसाठी: पिल्लाला हात लावला की साबणानं हात धुवायचे आणि त्याची पापी घ्यायची नाही. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाकडूनही माणसाला पोटाचे जंतू लागू शकतात.

रंगीत पिल्लं येतात कुठून?

लेकीनं हा प्रश्न अण्णांना विचारला आणि त्यांनी तो टाळला नाही, म्हणून मीही टाळत नाही.

तमिळनाडूतलं नामक्कल हे अंड्यांचं मोठं केंद्र. आपल्या पुण्यातही डॉ. बी. व्ही. राव यांच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजनं हा व्यवसाय उभा केला. आपल्याला अंडी स्वस्त मिळतात, तमिळनाडूच्या शाळांत दुपारच्या जेवणात मुलांना अंडं मिळतं, ते या व्यवसायामुळे. पण अंड्यांच्या जातीतला नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही फार चढत नाही. त्याला दाणा घालणं परवडत नाही. म्हणून जगभर असे नर पिल्लू निघाल्याच्या दिवशीच मारले जातात. काही स्वस्तात विकले जातात. ते रंगात बुडवून, टोपलीत भरून गल्लीत येतात. नवीन पिसं आली की रंग जातो, पण तोवर जगतात किती, ते तुम्ही वाचलंच. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्लं मारण्यावर बंदी घातली, पुढच्या वर्षी फ्रान्समध्येही ती लागू झाली. तिथे अंडं उबण्याच्या काळातच आत नर आहे की मादी, हे ओळखण्याचं तंत्र वापरतात.

लेकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘म्हणजे आपण घेतलं नसतं तरी ते मेलंच असतं?’’ मला उत्तर सुचलं नाही. अण्णा म्हणाले, ‘‘तू घेतलंस म्हणून तो उद्या आणखी सहा रंगवून आणतो.’’ तिला ते पटलं. तेव्हापासून आमच्या घरात रंगीत पिल्लू येत नाही. तुम्हीही घेऊ नका, एवढंच सांगते.

पुढे काय झालं

फेब्रुवारीत अण्णा स्वतः परसात येऊन कुंपण आणि बल्ब पाहून गेले. दुसऱ्या दिवशी सहा पिल्लं मिळाली, तपकिरी पट्ट्यांची गावठी. तीन आठवड्यांनी सहाच्या सहा जिवंत होती. चौथ्या महिन्यात एक तलंग मुंगसानं नेली. आम्ही खुराड्याची जाळी जमिनीत वीतभर पुरली नव्हती. उरलेल्या पाचांत दोन कोंबडे निघाले. दोघं भांडायला लागल्यावर एक द्यावा लागला. पलीकडच्या खेड्यातला एक जण पैदाशीसाठी म्हणून घेऊन गेला. आम्ही मांसाहार करतो, त्यामुळे फार पावित्र्याचा आव आणता येत नव्हता. तरी त्या दिवशी लेकीनं त्या माणसाला विचारलं, ‘‘याला बल्ब लागत नाही आता, पण रात्री आत घ्याल ना?’’ तो हो म्हणाला. आम्ही पुढे काही विचारलं नाही.

सहाव्या महिन्यात पहिलं अंडं मिळालं. लहानसं, फिकट बदामी. लेक ते घेऊन खाली धावली. अक्का अंडं खात नाही, तरी तिनं ते हातात घेतलं, कानाशी हलवून पाहिलं आणि परत दिलं. नोव्हेंबरातलं ते एकटं उरलेलं पिल्लू आता पांढराशुभ्र कोंबडा झालं होतं. तो मागाच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. अट त्यालाही कळली असावी.

बदली झाल्यावर सगळी कोंबडी अक्काच्या परसातच राहिली.

तुम्ही जाल तेव्हा

प्रवासात पिल्लं विकत घेऊ नका. रेल्वेच्या डब्यात आणि हॉटेलच्या खोलीत त्यांचे हाल होतात. पण तिरुभुवनमला जाल तेव्हा सकाळी लवकर जा. आधी देऊळ, मग विणकरांच्या गल्ल्या, मग मोठ्या रस्त्यावर एखाद्या खाद्याच्या दुकानाशी थांबा. मुलांना पेटी पाहू द्या, भाव विचारू नका, प्रश्न विचारा. लोकांना त्यांच्या कामातलं विचारलं की आवडतं, भाषा अर्धवट असली तरी.

घरी परतल्यावर पाळायची इच्छा टिकली, तर महाराष्ट्रात पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी केली तर रस्ता सापडतो. सोसायटीत राहत असाल तर आधी नियम पाहा. आणि पिल्लं आणण्याच्या आदल्या दिवशी बल्ब लावून, कुंपणात हात घालून बघा. तुमच्या हाताला ऊब लागली, की मगच दुकानाकडे निघा.

आमची लेक आता अकरा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात सांगलीच्या बाजारात तिला पुन्हा ती रंगीत टोपली दिसली. ती थांबली, वाकून एक पिल्लू दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं आणि त्याची थरथर थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. मग त्या विक्रेत्याला म्हणाली, ‘‘काका, यांना उन्हात घ्या ना थोडं.’’ त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि टोपली सावलीतून उन्हात सरकवली.